विषय : हेड कोच होण्याबाबत

जुबैल,
शुक्रवार, जुम्म्याची नमाज आटोपून

मोहतरम कादिर मामू यांस,
भाचा शारीकचा अदबीने सलाम.

तुमची तब्येत, मामींचं ब्लडप्रेशर आणि टीव्हीच्या आवाजावरून तुमच्या दोघांत चाललेला वाद, तिन्ही आटोक्यात असतील अशी दुआ करतो. डाव्या गुडघ्याला तेल लावताय ना? (अम्मी म्हणते, तुम्ही तेल लावत नाही, बाटली नुसती उशाशी ठेवता.) इकडे मी, फरहाना आणि अदिबा खुशाल आहोत. ऑक्टोबर संपत आला, त्यामुळे जुबैलमध्ये दुपारी चारलाही माणसं माणसांसारखी दिसायला लागली आहेत. पत्र लिहितोय याचं तुम्हाला नवल वाटेल. पण व्हॉट्सॲपवर तुम्ही निळी खूण देता आणि उत्तर देत नाही. फोन केला तर मी तोंड उघडायच्या आत, "तिकडे पाऊसबिऊस?" असं विचारून फोन मामींकडे देता. आमच्या कॉलेजच्या बसवरचा अली, आपल्या श्रीवर्धनचाच, रजेवर निघालाय. त्याच्या हाती हे पत्र आणि खजुराचा डबा देतोय. पत्र आधी वाचा. डबा उघडला की तुम्ही पत्र वाचणार नाही.

मामू, मला तुमचा सल्ला हवाय. तुम्ही पस्तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवलीत आणि ओहोटीच्या वेळी पुळणीवर मला फुटबॉल शिकवलात, तेव्हा या बाबतीत दुसऱ्या कोणाला विचारणार? पण आधी एक गैरसमज दूर करतो. मागच्या लग्नात मामी सगळ्यांना सांगत होत्या की शारीक सौदीत फुटबॉल खेळतो. या वयात मी जिना चढतो हेच पुष्कळ आहे. मी इथे एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात वर्कशॉपमध्ये लागलो आणि पुढे कॉलेजच्या फुटबॉल टीमचा असिस्टंट कोच झालो. (इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, माझा व्यवसाय नुसता 'सहायक' असा आहे. कशाचा ते लिहायला त्यांना जागा पुरली नसावी.) आमचे हेड कोच उसामा, मिसरी, म्हणजे इजिप्तचे गृहस्थ, वय एकसष्ट, आवाज असा की दमदाटीही अजानीसारखी लांबवर जावी. नऊ वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसतोय. मैदानात सरावाचे प्लास्टिकचे कोन मांडणं, चेंडूत हवा भरणं, पाण्याच्या बाटल्या, कोणाचा घोटा सुजला, कोणाची परीक्षा आहे, कोणाच्या आईला मुलगा गोलकीपर झालेला आवडत नाही, हे सगळं माझं. ओरडणं त्यांचं. हाफ टाइमला ते माझ्याकडे कान करतात, मी कानात सांगतो, "डावा बॅक दमलाय, बदला." ते दोन पावलं पुढे जाऊन गरजतात, "डावा बॅक दमलाय! मला दिसत नाही असं वाटतं का तुम्हाला?" मुलं थक्क होतात. मीही होतो.

उसामा चार वर्षं म्हणताहेत, की पुढच्या वर्षी मी निवृत्त होणार आणि ही टीम शारीकची, इन्शाअल्ला. मी दर वर्षी फरहानाला येऊन सांगतो. पहिल्या वर्षी तिने शीरखुर्मा केला होता. यंदा, "बरं," म्हणाली आणि हॉस्पिटलच्या ड्यूटीला निघून गेली.

अशात यान्बूच्या एका कॉलेजातून मेल आली, की हेड कोचची जागा आहे, भेटायला या. यान्बू म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला, तांबड्या समुद्रावर. तिथेही कारखानेच आहेत, पण माणसं थोडी. त्यांची टीम गेल्या मोसमात एकच मॅच जिंकली होती, आणि तीही समोरच्यांची बस बिघडली म्हणून. मी उसामांना न सांगता दोन दिवसांची रजा टाकली. कारण लिहिलं 'दातदुखी'. (या खोट्याची सजा अशी, की विमानात खरोखरच दाढ दुखायला लागली.)

जेद्द्यात अल अझीझियाला रूपेश राहतो. साताऱ्याचा, हॉस्पिटलात एक्स-रे काढतो, माझा जुना रूम पार्टनर. त्याने उभ्या आयुष्यात चेंडूला पाय लावलेला नाही, म्हणून त्याची मतं अगदी स्पष्ट असतात. मला गाडीत घालून यान्बूला निघाला, आणि वाटेत साडेतीन तास माझ्याकडून आवाज काढून घेत होता. "हेड कोच म्हणजे आवाज! ओरड! मी डावा बॅक आहे, मला ओरड!" मी म्हणालो, "रूपेश, गाडी जरा हळू घे." तो म्हणाला, "हे ओरडणं झालं का? ही विनंती झाली." शिवाय माझा कोट मुलाखतीला शोभत नाही म्हणून त्याने स्वतःचा घालायला दिला. रूपेशचा पसारा तुम्हाला ठाऊक नाही. त्या कोटात माझ्याबरोबर आणखी एक उमेदवार मावला असता.

मुलाखत खोलीत होईल असं मला वाटलं होतं. त्यांनी थेट मैदानावर नेलं. डीन, दोन प्राध्यापक आणि ऑफिसचा एक माणूस खुर्च्या टाकून बसले होते. वीस मुलं उभी होती. सांगण्यात आलं, की वीस मिनिटं यांचा सराव घेऊन दाखवा. मी आधी काय केलं असेल? कोनांची थप्पी उचलली आणि मांडायला लागलो. एक चेंडू मऊ लागला, पंप मागून हवा भरली. बाटल्या रिकाम्या दिसल्या, त्या कूलरवर नेऊन भरल्या. मला काही खटकलं नाही हो मामू. हात आपोआप चालत होते. दहा मिनिटांनी डीन स्वतः उठून माझ्याजवळ आले आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, "तयारी छान झाली. आता कोचना बोलावता का?"

आणि मी, अल्ला माफ करो, उसामा कुठे दिसतात का ते पाहायला मागे वळलो.

मागे फक्त रूपेश होता. तो दोन्ही हातांनी 'ओरड, ओरड' अशा खुणा करत होता. उरलेल्या दहा मिनिटांत मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं, की गोलकीपर उजव्या पायावर जोर देत नव्हता. त्याला बाहेर काढून मी त्याचा बूट उतरवला, तर घोटा लिंबाएवढा सुजलेला. भीतीने तो कोणाला बोलला नव्हता. मी त्याला बर्फ लावायला पाठवला आणि सराव गोलकीपरशिवाय पुरा केला. परतताना मी रूपेशला म्हणालो, की झालं, खलास. त्याने कोट तेवढा परत मागून घेतला.

चार दिवसांनी पत्र आलं, निवड झाली म्हणून. डीननी फोनवर सांगितलं, की बाकीचे उमेदवार आमच्याकडे बघून बोलत होते, तुम्ही मुलांकडे बघत होता. मी हे रूपेशला फुशारकीने ऐकवलं. त्याने चौकशी करून कळवलं, की बाकीचे दोघे 'यान्बूत संध्याकाळी माणसं करतात काय?' असं विचारून परत गेले. दोन्ही कारणं खरी असावीत. मी पहिलं धरून चाललोय.

आता खरा पेच सुरू झाला. अदिबाची यंदा दहावी आहे. फरहानाचं हॉस्पिटलशी कंत्राट एप्रिलपर्यंत आहे, म्हणजे तोवर मला यान्बूत एकट्याने राहावं लागेल. कफील, म्हणजे इथला जामीनदार मालक, बदलायचा, तर कागद आले. आणि भीती म्हणाल तर वेगळीच आहे. ती तुम्हालाच सांगतो. नऊ वर्षांत मी कधी हरलो नाही मामू. टीम हरली, उसामा हरले. मी कानात सांगितलं ते ऐकलं असतं तर जिंकलो असतो, असं घरी येऊन म्हणायची माझी सोय होती. ऐकून हरलो तर त्यांनी उशिरा ऐकलं असं म्हणायचो. निवडीचं पत्र आलं त्या आठवड्यात फरहाना भाजी चिरता चिरता म्हणाली, "तुम्हाला तिथे जायची भीती नाही वाटत. ही सबब सुटेल याची वाटते." परिचारिकेशी लग्न केलं की असं होतं. दुखतं तिथेच बोट ठेवतात. अदिबा पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "अब्बा, जस्ट से येस ना. यू आर बीइंग सो ड्रामॅटिक."

उसामांना सांगितलं त्या दिवशी मी त्यांच्यासाठी बसबूसा, त्यांची रव्याची मिठाई, घेऊन गेलो होतो. त्यांनी ऐकून घेतलं, बसबूसा संपवला, हात पुसले आणि म्हणाले, "मबरूक," म्हणजे आपलं मुबारक. त्यानंतर तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आणि कोन स्वतः मांडायला लागले! एकसष्ट वर्षांचा माणूस, कमरेत वाकून, एक कोन इथे, एक पार तिथे. रांग इतकी वाकडी की मुलं धावताना एकमेकांवर आदळत होती. मी सरळ करायला गेलो तर हातानेच थांबवलं. "तू पाहुणा आहेस," म्हणाले. मी पाहुण्यासारखा कडेला उभा राहिलो. आयुष्यात इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

गेल्या गुरुवारी दम्मामच्या एका कॉलेजशी मॅच होती. हाफ टाइमला एक-एक. मुलं गोल करून बसली. उसामांनी माझ्याकडे कान केला नाही. ते खुर्चीवर टेकले, हाताची घडी घातली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आज कोच शारीक सांगतील." हा मोठेपणा नव्हता, मामू. रुसवा होता. पण मुलांना त्याचं काय? बावीस डोळे माझ्यावर. आणि ज्याच्याकडे दर हाफ टाइमला सहा सहा सूचना तयार असायच्या, त्याच्याकडे एकही नव्हती. मला तेव्हा कळलं, की दुसऱ्याने नाकारण्यासाठी सूचना करणं फार सोपं असतं. शेवटी मी म्हणालो, "इमाद बाहेर, एक बचावपटू जास्त." इमाद आमचा गोल मारणारा. तो माझ्याकडे न बघता उसामांकडे बघायला लागला. उसामा आकाशाकडे बघत होते. मी पुन्हा म्हणालो. या वेळी आवाज निघाला. कुठून निघाला माहीत नाही, पण समोरच्या टीमच्या बाटल्या भरणारा माणूससुद्धा थांबला.

आम्ही तीन-एकने हरलो.

बसमध्ये उसामा पहिल्यांदाच माझ्या शेजारी येऊन बसले. बराच वेळ खिडकीबाहेर रिफायनरीच्या ज्वाळा बघत राहिले. मग म्हणाले, "बदल चूक नव्हता. वेळ चुकली. सत्तराव्या मिनिटाला करायचा होतास." मी म्हणालो, "तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?" तर म्हणाले, "कान तू केला नाहीस." दोघंही हसलो. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "चार वर्षं पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणत होतो ना? ते तुला नव्हतो सांगत, शारीक. स्वतःला सांगत होतो." मी त्यांचा हात धरला. मिसरी माणसाचा हात धरला की तो बराच वेळ सोडत नाही. कॉलेज येईपर्यंत तसेच बसलो.

घरी आलो तर फरहानाने चहा ठेवला आणि विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "हरलो. मी इमादला लवकर काढला." ती चमच्याने ढवळायची थांबली. मी उसामांचं नाव कधी घेतो याची वाट बघत असावी. वाईट वाटत होतं मामू. पण त्या वाईट वाटण्याला पहिल्यांदाच माझा पत्ता होता. हरायची जिम्मेदारी घ्यायला मी नऊ वर्षं घाबरलो, आणि ती घेतल्यावर माणूस मरत नाही हे कळायला एक मॅच पुरली. एवढंच काय ते शिकलो. जिंकण्याबद्दल अजून काही माहिती नाही. ती मिळाली की कळवीन.

तेव्हा सगळा मामला असा आहे. इकडे नऊ वर्षांची माणसं, घर, फरहाना, अदिबा. तिकडे एक जिंकलेली मॅच, एक सुजलेला घोटा आणि मी. तुम्ही वडीलधारे आहात. तुमचा सल्ला आल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही असं मी ठरवलंय. सावकाश, विचार करून कळवा. मामींना सलाम, आणि अम्मीला यातलं एवढ्यात काही बोलू नका.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
शारीक

ता. क. — वरचं वाचून फरहाना म्हणते, खरं लिहा. तर खरं असं, की मी मंगळवारीच सही करून कागद पाठवलेत. एक तारखेपासून यान्बूत रुजू होतोय. तरी सल्ला जरूर द्या. 'जा' असा आला तर घरात फ्रेम करून लावू. 'जाऊ नको' असा आला तर अलीने वाटेत हरवला असं समजू.

दुसरं ता. क. — अम्मीला 'बोलू नका' लिहिलंय खरं, पण तिला तुम्हीच सांगायचंय. माझ्याने होत नाही. अदिबाच्या दहावीच्या वर्षात मी घर सोडून चाललोय हे ऐकून ती रडेल, आणि तुमच्यासमोर ती रडत नाही.

तिसरं ता. क. — पत्र लिहायला बसलो ते खरं तर यासाठी. तुम्ही आणि मामी उमऱ्याला यायचं म्हणता म्हणता वर्षं गेली. आता या. मदिन्याहून यान्बू गाडीने अडीच तास. पहिली घरच्या मैदानावरची मॅच डिसेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी आहे. तुम्ही काही सांगू नका, सुचवू नका. फक्त मी वळून पाहिलं तर तिथे कोणीतरी असावं, एवढंच. व्हिसाचा फॉर्म मी भरून ठेवलाय. तुम्हा दोघांचे पासपोर्ट साइज फोटो अलीच्या हाती द्या. पार्श्वभूमी पांढरी, चष्मा काढून, आणि मामींना सांगा, हसायचं नाही. हसरा फोटो ते परत पाठवतात.