'घोंगडीवाला' आणि ती किंकाळी

८ जानेवारी २०२५, बुधवार. सातारा

परत मेले. विहिरीपर्यंत पोचले होते, एक पाटच ओलांडायचा राहिला होता. उसाचे तुरे डावीकडे हलले म्हणून उजवीकडे वळले, तर तो समोरच. मग ती किंकाळी. मी शिकवते त्या कॉलेजची कॉम्प्युटर लॅब रिकामी होती म्हणून बरं. शिपाई मात्र दार उघडून बघून गेला.

'घोंगडीवाला' हा गेम सांगलीच्या अश्फाकने एकट्याने केलाय. लहानपणी टीव्हीला जोडून खेळायचो तसला, ठोकळ्या-ठोकळ्यांच्या चित्रांचा. मूळ याच नावाचा सिनेमा. तीसेक वर्षांपूर्वी रहिमतपूरच्या बाजूला उसात काढलेला. घोंगडी पांघरलेला माणूस कोयता घेऊन पोरींच्या मागे लागतो, एवढीच गोष्ट. जत्रेतल्या तंबूत चालला आणि गायब झाला. २५ तारखेला सांगलीच्या फिल्म क्लबमध्ये आधी सिनेमा, मग गेम, आणि दोन्हींची तुलना मी करायची. गेमवरचे माझे व्हिडिओ बघून बोलावलंय. रहिमतपूर माझंच गाव, पण हा सिनेमा तिथे काढला हे घरी कधी ऐकलं नाही. गंमत.

९ जानेवारी

अश्फाकने सिनेमा पाठवला. इस्लामपूरच्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे कॅसेट सापडली म्हणे. उद्या बघते.

१० जानेवारी, शुक्रवार

पडद्यावर माझा कॉलेजातला फोटो पळत होता.

आई आहे ती. नावांच्या पाटीवर 'मोहिनी' लिहिलंय, पण ती आईच. हातात निऱ्या धरून पळायची तिची तऱ्हा मी हजार वेळा पाहिलीय — शेळी सुटली की ती अशीच पळते. गेममधली पोरगीही तीच. तसल्याच पिवळ्या साडीचा ठोकळा, तसलीच वेणी.

तीन दिवस मी आईलाच मारत होते.

११ जानेवारी

भाषणाचे मुद्दे काढायला बसले. सिनेमात कॅमेरा घोंगडीच्या आत असतो. पोरगी आपल्याला उसाच्या फटीतून दिसते, कानाशी त्याचा श्वास. म्हणजे आपण त्याच्या डोळ्यांनी बघतो. गेममध्ये तो दिसतच नाही, फक्त तुरे हलतात. तिथे आपण तिच्या पायांनी पळतो. अश्फाकने गोष्ट उलटी केली, हे त्याचं मोठं काम. सिनेमात ती वाचूच शकत नाही. गेममध्ये वाचू शकते.

चांगला मुद्दा आहे. पण वही मिटली. उद्या घरी जाते.

१२ जानेवारी, रविवार. रहिमतपूर

पप्पा मळ्यात गेल्यावर लॅपटॉपवर आईचा सिनेमातला एक फोटो उघडला. आईला म्हटलं, "हे बघ."

तिनं पडद्याकडं बघितलं आणि पदराला हात पुसत तिथेच बसली. "कुठनं आणलंस?"

मी सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. चिडली नाही. म्हणाली, "बारावी झाली हुती. मामाच्या रानात शूटिंग आलं. एक पोरगी पायजे म्हणले. माझ्या वडलास्नी कळलं तवा मार बसला. लगीन ठरल्यावर तर नावच काढायचं न्हाई ठरलं."

"आता त्याच्यावर गेम केलाय," मी म्हटलं.

"दाव, खेळून."

खेळले. लवकरच मेले. किंकाळी आली. आईनं लॅपटॉपचं झाकण असं आपटलं की मला वाटलं पडदा फुटला.

"ह्यो आवाज कुणाचा घातलाय?"

"तुझाच. सिनेमातला."

"मी वरडलेच न्हाई," ती म्हणाली. "त्या दिवशी माझ्या तोंडातनं आवाजच फुटंना."

भाकरी थापायला गेली आणि नंतर डोकं दुखतंय म्हणून पडून राहिली. मी न जेवता निघाले.

१३ जानेवारी

सिनेमातला तो भाग पुन्हा पुन्हा थांबवून पाहिला. आई पळते, पडते, मागे वळून बघते. तोंड मिटलेलं. मग नुसता ऊस — आणि त्या उसावर किंकाळी. किंकाळी येते तेव्हा आई पडद्यावर नाहीच. गेममध्ये अश्फाकने ती तिच्या तोंडी दिली.

अश्फाकला फोन केला. त्याने तो भाग लावून ऐकला. मग म्हणाला, "मॅडम, मला एक खटकलं होतं. अख्ख्या सिनेमाचं डबिंग स्टुडिओतलं आहे. पण त्या किंकाळीमागं विहिरीवरच्या इंजिनाची फटफट ऐकू येती. तेवढा आवाज रानातलाच आहे."

मग कुणाचा?

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ घेऊन परत घरी. आई परड्यात होती. मी न विचारताच बोलली.

शेजारच्या वावरात ऊसतोड चालू होती. टोळी जतकडची. त्यात मनुबाई नावाची बाई, आईपेक्षा थोडीच मोठी. शूटिंग बघायला उसात शिरून बसली होती. दिग्दर्शकानं घोंगडीवाल्याला सांगितलं, खरा कोयता घे, पोरगी खरी भ्यायला पाहिजे. तो घोंगडीच्या आतून वेडावाकडा कोयता चालवत आला. बाई त्याला दिसलीच नाही. गळ्याला लागलं.

"जीपमधनं नेली तिला. रोज इचारायची मी. बरी हाय, गावाला गेली, म्हणायचे. टोळीबी उठून गेली."

"आणि त्यांनी तो आवाज सिनेमात ठेवला?"

"मला काय ठावं. मी सिनेमा बघितलाच न्हाई कवा." मग म्हणाली, "सिनेमात ती एकदाच वरडली आसंल. ह्यात किती वेळा वरडायला लावत्यात तिला?"



१५ जानेवारी

आईचा सकाळीच फोन. "टोळीचा मुकादम आकाराम हुता. जतच्या स्टँडजवळ त्याच्या पोराचं दुकान हाय म्हणत्यात. तू गाडी काढ."

"तिचं काही बरंवाईट झालं असेल तर?"

"तर तसं कळंल."

१८ जानेवारी, शनिवार

जतच्या पुढे ऊस संपतो. नुसती माळरानं, मेंढरं, वाटेत एक पाण्याचा टँकर.

मनुबाई आहे. जिवंत आहे.

मुकादमाच्या पोराने घर दाखवलं. ती दारात गोवऱ्या रचत होती. आईला बघून उठली, जवळ आली, तिचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. गळ्यावर आडवा वण. बोलता येत नाही. त्या दिवसापासून नाही.

तिचा मुलगा धुळा मेंढरं घेऊन आला. माझ्याहून थोडा मोठा. त्याला सांगितलेलं होतं की आईचा पदर इंजिनाच्या पट्ट्यात अडकला. आईने — माझ्या आईने — खरं सांगितलं. उभ्यानेच, त्याच्या डोळ्याला डोळा देऊन. तो काठी घट्ट धरून ऐकत होता. मला भीती वाटली.

"आन् त्यो आवाज आता खेळात हाय?"

"हो," मी म्हटलं.

"माझी आई मरता मरता वाचली. आन् लोक त्याच्यावर खेळत्यात?"

"मी काढायला लावते."

"लावा. आजच लावा." मग आईकडं वळून, हळू: "आवं, तुमी एवढ्या लांब आलासा. च्या घेऊन जावा."

चहा घेतला. मनुबाईने कपभर दूध आईच्या पुढ्यात सारलं. तिने मनगट तेव्हाही धरलेलंच होतं.

१९ जानेवारी

अश्फाकशी भांडण. "त्या किंकाळीवरच गेम उभा आहे, मॅडम. सगळे तिच्याबद्दलच लिहितात." मी म्हटलं, ती कुणाची आहे ते आता तुला माहीत आहे. त्याने फोन ठेवला.

संध्याकाळी त्याचा मेसेज — 'काढला. पोरगी आता गप्प मरते.'

२५ जानेवारी, शनिवार. सांगली

झालं. मुद्दे बाजूला ठेवले, जे घडलं ते सांगितलं. सिनेमा आम्ही दाखवला नाही. गेम दाखवला. पोरगी मरते तेव्हा फक्त अश्फाकने नव्याने घातलेली इंजिनाची फटफट. आई पहिल्या रांगेत बसली होती, शेजारी पप्पा. त्यांना तिने परवाच सगळं सांगितलं. एवढंच म्हणाले, "मला का न्हाई सांगितलंस एवढी वर्सं?" आणि गाडी पुसायला गेले.

बरोबर केलं असं वाटलं. आज शांत झोप लागेल.

२७ जानेवारी

सकाळी धुळाचा फोन. कुठल्यातरी पोराने मोबाईलवर त्याला जुन्या गेमचा व्हिडिओ दाखवला होता.

"ताई, त्यो आवाज पुसून टाकू नका. खेळात नगं, पर कुठंतरी ठिवा, मला पाठवा. माझ्या आईचा आवाज मी कवा ऐकलाच नव्हता."