आबांच्या मागच्या खोलीची निरवानिरव

व्हय तमन्ना, डोकं ठिकाणावर हाये माजं. तसंच लिव. डॉक्टरनं पण सकाळी तपासून कागद दिलाय. त्यानं इचारलं, आज वार कोणता. मी म्हटलं, गुरुवार, आन तुमच्या शर्टाची गुंडी वरखाली लागलीय. त्यानं लगेच सही केली.

तर मी, मुक्ताबाई रखमाजी वाळुंज, राहणार परंदवडी, तालुका मावळ, जिल्हा पुणे, वय शाळेच्या दाखल्यावर अठ्ठ्याहत्तर आन माज्या आईच्या म्हणण्यानं ऐंशी, शिक्षण गावच्या शाळेत चौथी, कुणाच्या धाकानं न्हाई, कुणाच्या लाडीगोडीनं न्हाई (लाडीगोडी कुणी केलीच न्हाई, केली असती तर इचार केला असता), राजीखुशीनं हे मृत्युपत्र सांगून लिहून घेते. लिहिणारी तमन्ना, वडगावच्या कोर्टातली वकील. तिचे आजोबा अल्लाबक्षभाई आन आमचे हे नदीवर बरोबर गळ टाकायला जायचे.

आमचे हे म्हंजे रखमाजी. नातवंड झाल्यापासून सगळे त्यांना आबा म्हणतात, मी पण तेच म्हणते. लोणावळ्याला रेल्वेत सांधेवाले होते, गाडीचे रूळ बदलून द्यायचे. गेल्या वर्षी गेले, नव्वदी पार करून, दुपारी भाकरी खाऊन, ओसरीवर पाय पसरून. मी चहाला हाक मारली आन पहिल्यांदाच त्यांनी ओ दिली न्हाई. ना दवाखाना, ना नळ्या. मी रडले, पण सुटल्यासारखं पण वाटलं, त्यांच्यासाठी. कोर्टाचा कागद हाये, खोटं कशाला सांगू.

कलम एक, राहतं घर. आबांनी ते हयातीतच माज्या नावावर करून ठेवलंय. म्हणायचे, "उद्या तू मला सामानासकट भाईर काढलंस तर निदान स्वतःच्या घरातनं काढलंस असं व्हईल." पुढच्या तीन खोल्या, ओसरी आन अंगण माज्या दोन्ही पोरांना निम्मंनिम्म. थोरला कैलास तळेगावला कंपनीत हाये, धाकटा निलेश लोणावळ्याला पर्यटकांची गाडी चालवतो. मधी भिंत घालू नये. कैलासच्या बायकोला, सारिकाला, दोन्हीकडचं ऐकू आलं न्हाई तर जेवण जात न्हाई.

कलम दोन, सोनंनाणं. बोरमाळ सारिकाला. पाटल्या निलेशचं लगीन ठरलं तर त्याच्या बायकोला, न्हाई ठरलं तर कैलासच्या सृष्टीला. सृष्टीनं धीर धरावा, पाटल्या तिलाच मिळतील असं मला वाटतं. पोस्टात हाये ते माज्या मागच्या कार्याला लावावं, उरलं तर दोघा भावांनी न भांडता वाटावं. भांडून वाटलं तरी मी बघायला यायची न्हाई.

कलम तीन. माजी जाऊ हिरा हिनं नेलेलं पितळी पातेलं मी परत मागत न्हाई, तिलाच देते. पण नेलतं, एवढं सगळ्यांना कळावं. हिराला साक्षीदार व्हायचं होतं. तमन्ना म्हणाली, साक्षीदाराला मृत्युपत्रातनं काय मिळत न्हाई. हिरानं जरा इचार केला आन पातेलं घेतलं.

कलम चार, आबांचे नाद. माणसाला एखादा नाद असतो. आबांना एक सोडून सगळे होते, तो एक म्हंजे घरचं काम. आसपासच्या गावांतलं बंद पडलेलं घड्याळ आमच्याकडं यायचं आन आमच्याकडंच ऱ्हायचं. खोलायला आबा पटाईत. जोडायची येळ आली की त्यांना परसातल्या आंब्याची आठवण यायची. त्या एका आंब्यावर त्यांनी चार जातींची कलमं बांधलीत. कोणत्या फांदीला काय लागतं ते पाव्हण्याला ओळखायला लावायचे, चुकला की चहा न्हाई.

मग पेटी. भजनाला म्हणून आणली, भजनी मंडळानं हात जोडून घरी धाडली. मी म्हणायचे, "आवो, कोंबड्या अंडी घालायच्या बंद झाल्यात." ते म्हणायचे, "ऐकत बसल्या असतील." ती पेटी सारिकाला देते. तिनं ती एकदा भर पावसाळ्यात ओसरीवर काढून ठेवलती. आता ती टीव्हीशेजारी ठेवायची आन रोज पुसायची. हे बक्षीस न्हाई, आन ते तिला कळंल, शहाणी हाये ती.

गळ आन काठ्या अल्लाबक्षभाईंना कालच देऊन टाकल्या. ते म्हणाले, "भाभी, आता एकट्यानं काय मासे धरायचे." मी म्हटलं, दोघं होता तेव्हा तरी कुटं धरत होता.

राहिली डबी. तंबाखूची पत्र्याची डबी हाये, आत चिंचोके. गळाला लागलेली बारकी मासळी आबा घाटावरच्या कावळ्यांना टाकायचे, आन टाकायच्या आधी डबी वाजवायचे. पुढं पुढं नुसती डबी वाजली तरी उंबरावरनं कावळे खाली. मी म्हणायचे, पोरं हाकेला येत न्हाईत आन कावळे येतात. डबी सृष्टीला. जपून ठेव बाय.

कलम पाच. हे नीट लिव तमन्ना, याच्यासाठीच मी आले. घराची मागची खोली, आतल्या सगळ्या सामानासकट, आंब्याचं झाड आन मागल्या फाटकाची वाट, हे सगळं माजी नात सृष्टी, कैलासची मुलगी, हिचं एकटीचं. सृष्टी कामावरनं आली की तितंच बसते. आबांनी खोललेली घड्याळं एकेक करून जोडते. परवा हिराच्या नवऱ्याचं लावून दिलं. तो म्हणाला, माजं घड्याळ होतं हे मी इसरूनच गेलतो.

ही खोली कैलासला पाडायची होती. तितनं एका बंगलेवाल्याला वाट द्यायची, म्हंजे मागं त्याचा शनिवार-रविवारचा बंगला उभा राहील, पोहायच्या हौदासकट. आबांच्या खाटेशेजारी बसून कैलास फोनवर बोलणी करायचा. त्याला वाटायचं म्हाताऱ्याला ऐकू येत न्हाई. आबांना सगळं ऐकू यायचं. एकदा मला म्हणाले, "मुक्ता, माजी खोली ऱ्हाईल का गं?" मी म्हटलं, "गपा. मी हाये."

मग आबांचा दहावा आला. नदीवर, त्याच घाटावर. पिंड ठेवले, शेजारी भजी, बुंदीचा लाडू. कावळे उंबरावर रांगेनं बसलेले, एक खाली येईना. उन्हं चढली. निलेश हात जोडून म्हणाला, "आबा, आईला मी सांभाळीन." कावळे हलले न्हाईत, त्यांना निलेश ठाऊक हाये. सारिका म्हणाली, "पेटी घरात घेईन, आबा." एकानं मान वाकडी केली, बस. माणसं कुजबुजायला लागली. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तेव्हा गावातले बजरंगभाऊ, आज साक्षीला आलेत तेच, पुढं झाले. म्हणाले, "कैलास, म्हाताऱ्याचा जीव कशात अडकलाय ते तुला म्हाईत हाये. बोल की."

कैलासनं उपरण्यानं तोंड पुसलं. म्हणाला, "आबा, खोलीला हात लावणार न्हाई. आंबा तोडणार न्हाई. वाट देणार न्हाई."

आन एक कावळा सरळ पिंडावर उतरला. अख्ख्या घाटाचा जीव भांड्यात पडला. कैलास ल्हान पोरासारखा रडला आन त्याच दिवशी बंगलेवाल्याला न्हाई म्हणून कळवलं.

शब्दाचा पक्का हाये माजा पोरगा, चिडका असला तरी. पण मी गेल्यावर कुणी त्याचं डोकं फिरवलं तर? म्हणून ही खोली कायद्यानं सृष्टीची. कैलास, रागवू नकोस. तू दिलेलाच शब्द मी कागदावर घेतलाय.

कलम सहा. माज्या दहाव्याला कुणी कशाचा शब्द देत बसू नये. मला काय नको. भजी गरम असताना वाटावीत, पाव्हणे ताटकळतात.

याच्या आधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं न्हाई. वरचं सगळं तमन्नानं मला वाचून दाखवलं, दोन ठिकाणी ती हसली, ते सोडून सगळं माज्या सांगण्याप्रमाणं हाये. साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करते. आता लय हलकं वाटतंय.

सही: मुक्ताबाई रखमाजी वाळुंज

साक्षीदार:
१) बजरंग कोंडाजी भोर, राहणार परंदवडी
२) रतन किसन मुऱ्हे, राहणार सोमाटणे

ठिकाण: वडगाव मावळ
दिनांक: ६ फेब्रुवारी २०२५

सहीच्या खालचं:

तमन्ना म्हणते, सहीच्या खाली लिवलेलं कायदा धरत न्हाई. मग हे खालीच लिव. साक्षीदार चहाला गेलेत तोवर.

दहाव्याला ती डबी माज्याजवळ होती. निलेश बोलला तेव्हा मी गप होते. सारिका बोलली तेव्हा पण गप. कैलासच्या तोंडनं खोलीचं निघालं, तेव्हा पदराखाली वाजवली. कावळा आबांनी न्हाई धाडला, मी बोलावला.