शपथविधीचा कुर्ता

उरला, रायपूर
मंगळवार, १२ फेब्रुवारी २००८

प्रिय बाबा,

सप्रेम जयभीम. पत्र पाहून कपाळाला आठ्या घालू नका, आणि वाचायच्या आधी धाकट्या प्रशिकच्या हातात तर मुळीच देऊ नका. दोन वर्षांत तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, मीही नाही. अडेलपणात आपण दोघं एकाच मातीचे. सकाळपासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. एकदा उगाच चहा ठेवला, एकदा गच्चीवर जाऊन आले, एकदा तर झाडलेली खोली पुन्हा झाडली. शुक्रवारी जनसुनवाई आहे, हे तुम्हाला माझ्याआधी कळलं असणार. कारखान्याला आणखी दोन भट्ट्या हव्यात, त्यावर लोकांचं म्हणणं ऐकून घेणार आहेत. मांडवात बोलणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव तुमचं आहे आणि बाविसावं माझं. ती यादी पाहिल्यापासून जिवाला थारा नाही.

मला ठाऊक आहे काय होणार ते. तुम्ही माइकपुढे उभे राहाल, रोजगाराचं बोलाल आणि अख्खी वस्ती हात वर करेल. रेल्वेतल्या फिटरचे तुम्ही विधायक झालात ते याच लोकांच्या जोरावर, तुमचा शब्द ते खाली पडू देत नाहीत. मी बोलले की हसतात. ‘विधायकजी की बेटी है, टाइमपास कर रही है,’ असं परवा पानठेल्यावर एक जण माझ्यासमोरच म्हणाला. बरं, त्यांचं तरी काय चुकलं? तुमची आमदारकी गेली, पण लोकांच्या तोंडून ‘विधायक’ जात नाही. आणि पोरीला घरी काही कमी नसताना ती उरल्यात एका खोलीत राहून लोकांच्या गच्च्यांवर चढते, यावर हसू येणारच.

मी इथे काय करून राहिले, असं तुम्ही चारचौघांना विचारता म्हणे. मलाच विचारायचं ना! दर सोमवारी वीस घरांच्या गच्चीवर पांढऱ्या कापडाचा रुमालाएवढा चौकोन दोरीला लावते. मंगळवारी बसलेल्या धुळीसकट काढते, त्यावर तारीख आणि घर लिहिते, आणि वहीत टाचते. एवढंच. सरकारी यंत्राचे आकडे नेहमी चांगलेच असतात, कारण सरकारी माणसं मोजायला येतात त्या दिवशी कारखान्याचं धूळ पकडायचं यंत्र चालू असतं. एरवी वीज वाचवायला बंद. माझं कापड काही कुणाला आधी कळवून येत नाही. तीन वर्षांच्या सात वह्या झाल्यात, बाबा. पहिली वही मळकी आहे, सातवी काळी आहे. शुक्रवारी मी फक्त त्या उघडून दाखवणार आहे.

ही अक्कल माझी नव्हे, आईची. आपल्या भनपुरीच्या अंगणात ती तुमचे कुर्ते नीळ घालून, खळ देऊन वाळत घालायची. नऊला घातलेला कुर्ता बाराला करडा. पुन्हा बादली, पुन्हा नीळ. एकदा तो झटकून माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, ‘पाह्य वं पोट्टे, राज्य नवं आलं अन् माह्यं धुणं दुप्पट झालं.’ मग एक विरलेला कुर्ता माझ्या अंगावर टाकला, घे म्हणाली, फडके कर याचे. माझे पहिले वीस चौकोन त्यातून निघाले. पुढे दर महिन्याला ती गोदावरीच्या हाती जुन्या कुर्त्यांचं गाठोडं पाठवायची. आपल्याकडे धुणंभांडी करून ती इथेच माझ्या मागच्या गल्लीत परत येते, म्हणून तुम्हाला कधी कळलं नाही. निदान मला तसं वाटायचं.

आज सारखा २००० सालचा तो नोव्हेंबर आठवतोय. आपलं वेगळं राज्य झालं, तुम्ही विधायक, सगळे म्हणत होते गुलाबराव मंत्री होणार. आईनं सदर बाजारातून कापड आणून शपथविधीसाठी कुर्ता शिवून घेतला. तो चुरगळू नये म्हणून तुम्ही दोन दिवस बनियनवर फोनजवळ बसून होतात. आम्हाला फोनला हात लावायची बंदी. शेवटी फोन आला तो शिंप्याचा, फिटिंग बरोबर आहे ना विचारायला! प्रशिक हसला आणि मार खाल्ला. आईनं कुर्त्याची घडी घातली, डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि म्हणाली, ‘येईन फोन.’ दरवर्षी ती त्याला ऊन दाखवून पुन्हा ठेवायची. फोन काही आला नाही, आणि मग पुढच्या निवडणुकीत तिकीटही गेलं.

तो कुर्ता तुम्ही पहिल्यांदा घातलात तो आई गेल्यावर, तिच्या पुण्यानुमोदनाला. मी लांबूनच ओळखला. गळ्याशी आवळत होता तुम्हाला. तेव्हाच येऊन तुम्हाला मिठी मारायला हवी होती. पण तुमच्या शेजारी कारखान्याचे शेठ बसले होते, त्यांनी उठून आईच्या नावानं बगीचा जाहीर केला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुण्यानुमोदनात टाळ्या! माझं डोकं फिरलं. आधी धूळ पकडायचं यंत्र चालू करा, बगीचा मग लावा, असं मी भर मांडवात म्हणाले. आणि तुम्ही म्हणालात, ‘निंग इथून. माह्या घरात पाय ठेवू नको.’ बाबा, माझं बोलणं खरं होतं, पण ती वेळ नव्हती. आईच्या फोटोसमोर मी तुम्हाला खाली पाहायला लावलं. याची माफी मागायला मला दोन वर्षं लागली. मला माफ करा.

प्रशिकचा काल फोन आला. त्याचे ट्रक त्याच कारखान्याला लागलेत आणि त्याला महापालिकेत पार्षदकीचं तिकीट हवंय. ‘दीदी, तू बोलेगी तो मेरा टिकट गया, सीधी बात.’ मी मराठीत समजावत राहिले, तो हिंदीत चिडत राहिला. माझा धाकटा भाऊ आहे तो, मला काय दगडाचं काळीज आहे? फोन ठेवल्यावर जेवण गेलं नाही.

आणि त्याच संध्याकाळी गोदावरी गाठोडं घेऊन आली. आई गेल्यावरही गाठोडी थांबली नव्हती. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, भाभीजीच काढून ठेवून गेल्या. मी मानलं. काल कात्री घेतली, गाठोडं सोडलं आणि डांबराच्या गोळ्यांचा वास आला. वर तोच कुर्ता. आई गेल्यावर तुमच्या अंगावर पाहिलेला कुर्ता आई कसा काढून ठेवेल? गोदावरीला समोर बसवलं. आधी पदर तोंडाशी धरला, मग म्हणाली, ‘साहेबच देतेत ना दीदी. कोनाले सांगू नको म्हन्ले.’ म्हणजे दोन वर्षं मी तुमच्या हातचं कापड गच्च्यांवर लावत होते. मग यादीत पहिलं नाव तुमचं कसं हो बाबा? एकाच वेळी इतका राग आणि इतकं रडू मला कधी आलं नव्हतं.

मी तो कापला नाही. आईसारखी नीळ घातली, खळ दिली, खिडक्या लावून खोलीतच वाळवला आणि इस्त्री केली. या पत्रासोबत गोदावरीच्या हाती परत पाठवतेय. शुक्रवारी तो घाला. काचा लावलेल्या गाडीतून येऊ नका, भनपुरीहून ऑटोनं या, आणि तुमचं नाव शेवटी घ्यायला सांगा. तोवर लोकांसोबत मांडवात बसा. मग माइकपुढे उभे राहा, एकदा आपल्या बाहीकडे बघा आणि तुम्हाला वाटेल ते बोला. प्रशिकच्या तिकिटाचं काय होईल ते मला माहीत आहे, तुम्हालाही आहे. यायचं नसेल तर कुर्ता गोदावरीकडे परत द्या, त्याचे वीस चौकोन होतील आणि मी एकटी बोलेन. पण बनियनवर फोनजवळ बसून राहू नका, बाबा. या खेपेला बोलावणं आलंय. मी बोलावतेय.

तुमचीच पोट्टी,
अपर्णा