दगडाची जोड

२ फेब्रुवारी

खोटं! माझं झाड खोटं निघालं. सकाळी खाणीत दगड फुटला आणि आत अख्खं झुडूप! काळं, फांदीला फांदी, इतकं देखणं की मी ओरडत मामीकडे पळाले. तिने भिंगसुद्धा बाहेर काढलं नाही. म्हणाली, हे झाडाचं जीवाश्म नव्हे. फटीत पाणी मुरलं की धातूचा गंज असा पसरतो. आपण शोधतोय ते खरं झाड एवढं नटलेलं नसतं.

मग खरं कसं असतं? तर पान नाही, फूल नाही, मुळाचाही धड पत्ता नाही. नुसती काडी, तिला दोन फाटे, टोकांना टाचणीच्या डोक्याएवढ्या गाठी. उंची बोटाच्या पेराइतकी. जमिनीवर आलेल्या अगदी पहिल्या झाडांतलं. चाळीस कोटी वर्षांपूर्वीचं! एवढंसंच? असं विचारलं, तर मामी म्हणते, "आधी उभं राहायचं होतं त्याला. नटायचं नंतर."

संध्याकाळी मामा विचारतो, काय भिंगरी, जंगल मिळालं का?

४ फेब्रुवारी

आज काही नाही. डंपरवाल्याने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायला शिकवली, त्यात दुपार गेली. मामीने माझी छिन्नी उचलून माझ्या वाट्याचे दगड फोडले. ते जास्त लागतं.

७ फेब्रुवारी

मामीचं जुनं भांडण काय आहे ते आज कळलं. कॉलेजात मामीच्या विभागाचे जुने प्रमुख आहेत, सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणतात. त्यांचं म्हणणं, ही झाडं फक्त उबदार पट्ट्यातली. आपली जमीन तेव्हा इथे नव्हतीच म्हणे, सरकत सरकत आली! त्या काळी पार खाली, दक्षिण ध्रुवाच्या बाजूला कुडकुडत होती. तिथे असली नाजूक काडी कुठून येणार?

मामी म्हणते, होती. माझ्या जन्माआधीपासून म्हणतेय. पुरावा? एक तुकडाही नाही. एकदा सर भर सभेत म्हणाले होते, "बाईंचं झाड फार लाजाळू आहे." सगळे हसले. हे सांगताना मामी हातोडीचा दांडा पुसत होती. स्वच्छच होता तो.

आणि आता खाण बुजतेय! दगड संपला म्हणून मालकाने एका बाजूने माती लोटायला सुरुवात केलीय. ज्यात काडी मिळू शकते तो आमचा काळा थर महिनाअखेर झाकला जाणार.

मी इथे चार दिवसांसाठी आले होते. दोन कोर्स अर्धे सोडलेत, नोकरी तर विचारूच नका. पण दगड फोडायला मजा येते बुवा.

११ फेब्रुवारी

हात सोलून निघालेत. काडी नाही.

१५ फेब्रुवारी

सापडली!! आणि मी ती पुसून टाकली.

नीट लिहिते. मामी कॉलेजात, खाणीत मी एकटी. पातळ दगडाला छिन्नी लावली, तो पुस्तकासारखा उघडला. एक अर्धं मागे भिरकावलं. हातातल्यावर पाहते तर काडी. दोन फाटे. काळीभोर! नीट दिसावी म्हणून थुंकी लावून अंगठा फिरवला, तर अंगठाच काळा. दगडावर नुसती सावली उरली. ती काडी म्हणजे कोळशाची साय, मला काय माहीत!

मामीचा पहिला नियम: दगड फोडला की दोन्ही अर्धी ठेवायची. जोड टाकायची नाही. मला वाटायचं, एकच चित्र दोनदा कशाला? आणि ज्या ढिगात ती जोड पडली, तो ढीग आजच खड्ड्यात जायचा होता.

फोन केला. मामी रागावली नाही. जिथे उभी आहेस तिथून हलू नकोस, एवढंच म्हणाली. डंपरवाल्याला विनवलं, त्याने इंजिन बंद केलं. मामी आली ती मामाला घेऊनच. तिघंही ढिगावर ओणवी. मामी कॉलेजच्या कपड्यांत, गुडघे टेकून.

मामा म्हणाला, "आमचं लग्न जमवताना पण एवढी शोधाशोध झाली नव्हती."

मामीला हसू फुटलं. मी रडत होते, मीही हसले.

माझ्या अर्ध्याच्या कडेला चंद्रकोरीसारखी खाच होती. तिला एकेक तुकडा लावून बघत बसले. बसेना, बसेना, आणि एक बसला! डब्याला झाकण बसावं तसा. अलगद उघडला. काडी होती. आणि टोकांना गाठी! माझ्या बाजूला आल्याच नव्हत्या, सगळ्या त्या अर्ध्यालाच चिकटून राहिल्या होत्या.

मामीने भिंग लावलं. मग मला दिलं, मामाला दिलं, डंपरवाल्यालाही दिलं. तो म्हणाला, एवढ्यासाठी?

"हो," मामी म्हणाली. "एवढ्याचसाठी."

१९ फेब्रुवारी

सर आले! भिंगावर वाकले ते वाकलेच. बऱ्याच वेळाने, मान वर न करता म्हणाले, "जरा खुर्ची द्या." मामीने स्वतःची दिली. त्यांनी बसून पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, मान्य, थंडीतही होती. पण इथे ती उशिरा पोचली असणार, बाकीच्या जगात पसरून झाल्यावर. अगदी शेवटी.

मामी म्हणाली, असेलही. थराचं वय काढायला दगडाचा चुरा बाहेर पाठवलाय. कळेल.

सर गेल्यावर तिने दार लावलं आणि टेबलाभोवती एक गिरकी घेतली. आईशप्पथ!

२७ फेब्रुवारी

खाण बुजली, पण आमच्या थराचा कोपरा मालकाने मोकळा ठेवलाय. सरांनी स्वतः फोन केला म्हणे. मामा म्हणतो, आता बघ, उद्या तेच सांगतील की मीच म्हणत होतो. सांगू देत की!

९ मार्च

वय आलं. ही झाडं आजवर जिथे जिथे सापडली, त्या सगळ्या थरांपेक्षा आमचा थर जुना! जुनं सापडलं म्हणजे पहिलंच असं नाही, मामी बजावतेय. पण बजावता बजावता टेबलाभोवती पुन्हा गिरकी घेतेय. ती काडी इथे शेवटी पोचली नव्हती. कदाचित इथूनच निघाली होती.