'आंडेर'खालची लाल रेघ

मंगळवार, संध्याकाळ

मतं बरोबरीत आली. मोजणाऱ्या सुनंदाताईंनी आताच फोनवर सांगितलं. आमच्या स्वयंसेवकांच्या मोफत मराठी सॉफ्टवेअरमध्ये डिफॉल्ट, म्हणजे आपोआप चालू असणारा, स्पेलचेकर कुणाचा, माझा की पांडेसऱ्यातल्या भिकनचा बोलीतले शब्दही ओळखणारा, हे आता प्रमुख म्हणून मी ठरवायचं. खेळाडू मी, पंचही मीच!

दुपारी भिकन हसत म्हणाला, "भाऊ, आमच्या अहिराणीत मुलीला 'आंडेर' म्हणतात. तुमचा चेकर तिच्याखाली लाल रेघ ओढतो. माझी लेक चूक आहे का?"

मी प्रमाण मराठीचे नियम सांगत बसलो. पण ती रेघ... लोक डिफॉल्ट सहसा बदलत नाहीत. म्हणूनच तर मला जिंकायचं होतं ना?

माझं निर्णायक मत सोडून दिलं, ताईंना कळवलं. उद्या भेस्तानचे, अहिराणी घरांतल्या मुलांना मराठी शिकवणारे शिक्षक आमची नावं झाकून दोन्ही चेकर वापरतील आणि एक निवडतील. बहुतेक मी हरेन.