दारातला हमाल

३ मार्च

चि. ढब्बूस अ. उ. आ.

बाबांना जाऊन दोन महिने झाले. तू आला नाहीस, त्यावर कुणी काही बोलत नाही. मला अजून रडू आलेलं नाही. दवाखान्याचे कागद, पेन्शनचा अर्ज, सगळं उरकलं. शेजारीण म्हणाली, किती खंबीर आहेस. मी हो म्हटलं.

परवा काकांनी बाबांची चौकटींची वही माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, रविवारचा फाशांचा खेळ पुन्हा मांडू. भुयाराचे नकाशे, कुठे सापळा, कुठे राक्षस, सगळं त्यात आहे. सत्तावीस वर्षं बाबांशिवाय ती कुणी उघडली नव्हती. आता भुयारात पुढे काय दिसतं ते मी सांगायचं, आई आणि काका आपापला कागदावरचा माणूस घेऊन आत शिरणार. दोन महिन्यांत आईच्या तोंडून जेमतेम दहा वाक्यं आली असतील. निदान टेबलाशी बसेल, म्हणून मी तयार झाले.

खेळातला तुझा माणूस, तो हमाल, अजून भुयाराच्या दारात कंदील धरून उभा आहे. जो गैरहजर, त्याचा माणूस दारात थांबतो, हा बाबांचा नियम. तू टेबलाशी नाहीस त्याला अकरा वर्षं झाली.

माया आहे तेवढी राहू दे.

ताई

१२ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

रजा मिळाली असती. मी मागितलीच नाही. गोदामात खोकी लावतो, खोलीवर येऊन झोपतो. काही वाटतच नाही, हे तिथे येऊन कुणाला सांगणार होतो?

खेळ मांड. फासा मात्र डब्याच्या झाकणात, सगळ्यांसमोर टाक. हमालाआधीचा माझा तिरंदाज मेला तेव्हा मी फरशीवर लोळलो होतो, तरी बाबांनी पडलेला फासा बदलला नाही. आणि त्यांच्यासारखा घोगरा आवाज काढू नकोस, सर्दी झालेल्या मांजरीसारखी वाटतेस.

रागावू नकोस, एवढंच मागणं.

ढब्बू

२४ मार्च

चि. ढब्बूस अ. उ. आ.

रविवारी खेळलो. आईच्या वैदूबाईने दगडाखाली हात घातला. तिथे सापळा होता. तीनच्या वर पडलं तर ती वाचणार होती. एक पडला. मी झाकणावर तळहात ठेवला आणि पाच म्हणाले. काका खिडकीबाहेर बघू लागले.

आईने माझा हात उचलून बाजूला ठेवला. म्हणाली, "एक पडलाय. ह्यांनी माझ्यासाठी कधी हात झाकला नाही. तूही झाकू नकोस."

वैदूबाईच्या कागदाची घडी घालून तिने तो मेलेल्यांच्या डब्यात ठेवला, तुझ्या तिरंदाजावर. मग डब्यावर हात ठेवून बसून राहिली. वाटलं, आता उठेल ती पुन्हा बसणार नाही. मला रडू येईल असंही वाटलं. आलं नाही.

मग तिने कोरा कागद मागितला. ह्या वेळी ती वाटाड्या झालीय. नवा माणूस दारापासून सुरुवात करतो, म्हणून ती तुझ्या हमालाशेजारी येऊन उभी राहिली. काय करणार, मी विचारलं.

ती म्हणाली, "ह्याला विचार, आत येतोस का. तो सांगेपर्यंत मी हलत नाही."

काका वैतागलेत, त्यांना भुयारात एकटं सोडलंय. टेबल तसंच मांडून ठेवलंय. उत्तर लवकर टाक.

ताई

२ एप्रिल

ती. आईस आणि ताईस सा. न. वि. वि.

रजा मागितली. अठराला पोहोचतो, रविवारच आहे.

हमाल आत येतोय. कंदील त्याच्याच हातात राहू द्या, हाताला सवय झालीय. वाट आईने दाखवायची.

ढब्बू