सहा नंबरची जागा

२४ नोव्हें., सोम.
काजल, आमची घोडी, गेल्या आठवड्यात पोटशूळानं गेली. घरात कोणी मोठ्यानं बोलत नाही.
सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मांडव इस्माईलचाचांचे. कुठल्या जागेवर कोणाचा घोडा, त्या पाट्या छापायचं काम माझं. आमची जागा सहावी. प्रोग्राम जिथून जागांची यादी वाचतो त्या कॉन्फिग फाइलमधून सहा नंबर पुसला. काही वाटलं नाही. चहा घेतला.

२५, मंगळ.
पाट्या छापल्या. सहावी आलीच. वर नंबर, खाली कोरं.
चाचांचा फोन. "भाऊ, सहा नंबर मोकळा शे का नही? मालेगावना घोडावाला वाट दखी ऱ्हायना."
करतो म्हटलं. फाइल उघडली. सहा नाहीच तिथं.

२६, बुध.
पाट्यांचा हा पर्ल भाषेतला प्रोग्राम लिहिणारा सुरतेला गेला. जाताना एक ओळ समजावली नाही, भलं होवो त्याचं. हॅश म्हणजे नाव लावलेले कप्पे; हॅशच्या आत हॅश, त्याच्या आत आणखी एक. फाइल वाचल्याबरोबर सगळं बाहेर छापून पाहिलं: सहा नाही. पाटी छापण्याच्या जरा आधी पाहिलं: सहा आहे, आत 'घोडी', तिच्या आत काही नाही. म्हणजे मधेच कुठेतरी...
काजलसाठी भिजवायचे हरभरे उरलेत. आईनं त्यांची उसळ केली. जेवलो. चव कळली नाही.

२८, शुक्र.
सापडलं. मधली एक ओळ प्रत्येक नंबरला विचारते, तुझ्या घोडीचं वय काय. नंबरच नसला तर पर्ल नाही म्हणत नाही. आत शोधायला जाताना ती जागा स्वतःच तयार करतं, घोडीचीसुद्धा. रिकामी. आधी नंबर आहे का विचारायचं, मग घोडी. एका ओळीचं काम. केलं. सहावी पाटी आली नाही.
आनंद व्हायला हवा होता.
दुरुस्त प्रोग्राम चाचांच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर टाकायचा बाकी.

२९, शनि.
सकाळी बाबा लगामाला तेल लावत बसलेले.
"बाजारमा आपली जागा शे ना?"
"बाबा, घोडी..." म्हटलं.
"माले मालूम शे. मी नुसता बशी ऱ्हासू."
"शे," म्हटलं.
दुकानात गेलो. दुरुस्त प्रोग्रामचा पेनड्राइव्ह खिशात. जुनाच प्रोग्राम चालवला. सहावी पाटी कोरी निघाली. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "मालेगाववालाले काय सांगू?"
सोमवारी सांगतो म्हटलं.
पाटी घरी आणली. बाबांनी उलटसुलट करून पाहिली, लगामाशेजारी खुंटीला टांगली. रडू तेव्हाही आलं नाही.
पेनड्राइव्ह खिशातच आहे.